संचालक मंडळातील स्त्री आणि नफ्याचा हिशेब

कंपनीच्या संचालक मंडळावर स्त्रिया बसल्या म्हणजे कंपनीचा नफा वाढतो काय? गेली वीस-पंचवीस वर्षे हा प्रश्न अर्थशास्त्री, कायदे करणारे आणि भागबाजारात पैसा गुंतविणारे लोक एकमेकांस विचारीत आहेत. कोणी म्हणतो वाढतो, कोणी म्हणतो घटतो, कोणी म्हणतो काहीच फरक पडत नाही. आणि प्रत्येकाच्या हाती आकड्यांचे भेंडोळे आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या वादात का पडावे, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. संचालक मंडळ ज्या खोलीत बसते त्या खोलीत आपल्याकडे कामगार सहसा नसतो. पण त्याच्या पोटापाण्याचा निर्णय मात्र तेथेच होतो. कारखाना चालू ठेवावा की बंद करावा, दोनशे माणसे कमी करावीत की यंदा नफा थोडा कमी घ्यावा, हे तेथे ठरते आणि आमच्यापर्यंत येते ते नोटीस बोर्डावरच्या कागदाच्या रूपाने. तेव्हा त्या खोलीत कोण बसते हा प्रश्न आमचाही आहे.

आमचे शिक्षण विद्यापीठात झालेले नाही. ताळेबंद वाचायला आम्ही शिकलो ते मागणीपत्रावर वाटाघाटी करता करता, गरजेपोटी. पण त्या शिक्षणाने एक सवय लावली. समोरच्याने 'नफा' हा शब्द उच्चारला की आम्ही विचारतो, कोणत्या वर्षाचा आणि कोणाचा? ही सवय बरोबर घेऊनच आज नॉर्वे देशाचा एक इतिहास आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. या प्रश्नाची खरी परीक्षा प्रथम तेथे झाली.

प्रथम संचालक मंडळाविषयी दोन शब्द. मोठ्या कंपनीचे मालक म्हणजे तिचे भागधारक. ते हजारोंनी असतात आणि विखुरलेले असतात. त्यांच्या वतीने कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी सात-आठ किंवा दहा-बारा माणसे नेमली जातात. मुख्य अधिकारी नेमणे, त्याचा पगार ठरविणे, हिशेब तपासणे, मोठे खर्च मंजूर करणे ही त्यांची कामे. कागदावर ही माणसे निवडून येतात. व्यवहारात पुष्कळदा असे होते की, आधी बसलेला माणूस आपल्या ओळखीतील माणसाचे नाव सुचवितो आणि सभा माना डोलावते. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत चालली. यात स्त्रियांविरुद्ध कोणी कट केला होता असे मानण्याचे कारण नाही. ओळखी पुरुषांच्या, म्हणून नावे पुरुषांची, इतकेच. परंतु कट नसला तरी कुंपण असू शकते, आणि कट न करता घातलेले कुंपण मोडणे अधिक कठीण असते, कारण ते कोणी घातले हे कोणालाच सांगता येत नाही.

नॉर्वेची वस्ती या शतकाच्या आरंभी सुमारे ४५ लाख होती. म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. या देशाने स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९१३ साली दिला. १९७८ साली तेथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. १९८१ साली ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या त्या देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, आणि १९८६ साली त्यांनी बनविलेल्या अठरा जणांच्या मंत्रिमंडळात आठ स्त्रिया होत्या. १९८८ साली असा नियम झाला की, सरकार ज्या समित्या नेमील त्यांत स्त्री आणि पुरुष या दोहोंचे प्रमाण प्रत्येकी किमान ४० टक्के असावे. पुढे जो चाळीसाचा आकडा जगभर गाजला त्याचे मूळ येथे आहे.

या काळातील दुसरी एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते, परंतु स्त्री-संचालकांवरच्या लेखांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. १९७२ साली नॉर्वेने कायदा करून कामगारांना संचालक मंडळावर आपले प्रतिनिधी निवडून पाठविण्याचा हक्क दिला. पन्नासांहून अधिक कामगार असलेल्या कंपनीत मंडळाच्या एक-तृतीयांशापर्यंत जागा कामगारांतून भरता येऊ लागल्या. म्हणजे संचालक मंडळ हे केवळ पैसा घालणाऱ्याचे नसून त्यात इतरांचाही अधिकार आहे, ही कल्पना त्या देशात स्त्रियांचा प्रश्न येण्यापूर्वीच रुजली होती. एकदा दाराची एक फळी उघडली की दुसरी उघडायला कमी जोर लागतो.

तरीही २००२ साली स्थिती काय होती? संसदेत स्त्रिया तृतीयांशाहून अधिक, आणि भागबाजाराच्या मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालकांत मात्र सुमारे सहा टक्के. अशा वेळी फेब्रुवारी २००२ मध्ये उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएल्सन यांनी एका मोठ्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि पुरुषांच्या या टोळक्याचा आपल्याला वीट आला आहे, अशा अर्थाचे उद्‌गार काढले. मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांची आगाऊ संमती न घेताच ते बोलले, असे सांगतात. गंमत अशी की हे गृहस्थ डाव्या पक्षाचे नव्हते किंवा स्त्री-चळवळीतील कार्यकर्तेही नव्हते. ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे आणि स्वतः व्यापारउद्योगातून आलेले. त्यांचे म्हणणे न्यायाचे नव्हते, उपयोगाचे होते. निम्म्या लोकसंख्येतील हुशारी वापरायचीच नाही, हा देशाच्या उद्योगाचा तोटा आहे, असे ते म्हणत. म्हणजे या इतिहासात नफ्याचा युक्तिवाद पहिल्या दिवसापासून हजर आहे.

डिसेंबर २००३ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारी मालकीच्या कंपन्यांना तो आधी लागू झाला. खासगी भांडवलाच्या सार्वजनिक कंपन्यांना मात्र जुलै २००५ पर्यंत मुदत देण्यात आली. तोवर त्यांनी आपण होऊन प्रमाण गाठले तर सक्ती करायची नाही, असे ठरले. मुदत संपली आणि प्रमाण काही गाठले गेले नाही. आम्हां कामगार कार्यकर्त्यांना याचे नवल वाटत नाही. मालक आपण होऊन करील म्हणून ज्या ज्या गोष्टी सोडून दिल्या, त्यांचा इतिहास आम्हांस पाठ आहे. मग २००६ च्या जानेवारीपासून सक्ती आली आणि जुन्या कंपन्यांना २००८ च्या आरंभापर्यंत दोन वर्षे मिळाली. शिक्षा दंडाची नव्हती. जी कंपनी नियम पाळणार नाही तिचे विसर्जन करावे, अशी तरतूद होती. तेव्हा हातापाया पडणे थांबले आणि स्त्रिया सापडू लागल्या. २००८ साली प्रमाण ४० टक्क्यांवर पोहोचले.

या काळात जे आक्षेप घेतले गेले ते आपल्या ओळखीचे वाटतील. लायक स्त्रिया आहेत कोठे, हा पहिला. भागधारकाने कोणाला नेमावे हे सरकारने सांगू नये, हा दुसरा. उद्योग देश सोडून जातील, हा तिसरा. पहिल्या आक्षेपाला उत्तर खुद्द मालकांच्या महासंघानेच दिले. कायद्याला त्याचा विरोध होता, तरी त्याने २००३ मध्ये स्त्रियांना संचालकपदासाठी तयार करण्याचे वर्ग सुरू केले. राहिलेल्या आक्षेपांत थोडे तथ्य निघाले. पुढील काळात सार्वजनिक कंपन्यांची संख्या पुष्कळ घटली. काहींनी कायद्याची कटकट नको म्हणून कंपनीचे रूप बदलून घेतले. काहींची कारणे निराळी होती. जे खरे ते सांगितले पाहिजे.

आता मूळ प्रश्न. नफ्याचे काय झाले? त्यापूर्वी एक सावधगिरी सांगतो. २००७ साली कॅटॅलिस्ट या अमेरिकन संस्थेने मोठ्या कंपन्यांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या मंडळावर स्त्रिया सर्वांत अधिक, त्यांचा भागधारकांच्या भांडवलावरील परतावा, ज्यांच्याकडे सर्वांत कमी त्यांच्यापेक्षा ५३ टक्क्यांनी अधिक, असे तिने दाखविले. हा आकडा हजारो व्याख्यानांत वाजला. पण ज्याच्या दारी मोटार उभी असते त्याची प्रकृती बहुधा चांगली असते, म्हणून मोटार हे काही प्रकृतीचे औषध ठरत नाही. भरभराटीला आलेली मोठी कंपनी स्त्रियांना घेते, की स्त्रियांना घेतल्याने ती भरभराटते, हे अशा तुलनेतून कळत नाही.

नॉर्वेचे महत्त्व येथे आहे. तेथे चांगल्या आणि वाईट अशा सर्वच कंपन्यांना कायद्याने एकाच वेळी बदल करावा लागला. म्हणून आधीचे आणि नंतरचे पाहता येते. २०१२ साली आहर्न आणि डिटमार या अभ्यासकांनी असे मांडले की, २००२ मधील घोषणेच्या वेळी ज्या कंपन्यांत एकही स्त्री-संचालक नव्हती त्यांच्या भागांची किंमत सुमारे साडेतीन टक्क्यांनी उतरली, आणि पुढेही कंपन्यांचे बाजारमूल्य घटले. कारण त्यांनी असे दिले की नव्या स्त्री-संचालक वयाने लहान होत्या आणि त्यांना वरच्या पदांचा अनुभव कमी होता. विरोधकांना हत्यार मिळाले. परंतु एक्बो, न्यूगोर्ड आणि थोरबर्न यांनी तोच हिशेब पुन्हा मांडून पाहिला, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की, गणिताच्या कसोट्या नीट लावल्या तर हा परिणाम टिकत नाही. नुकसान झाले असे म्हणता येत नाही. याच्याही आधी, २०१५ साली, पोस्ट आणि बायरन यांनी निरनिराळ्या देशांतील १४० अभ्यास एकत्र करून पाहिले होते. त्यांत हिशेबी नफ्याशी किंचित अनुकूल नाते आणि बाजारमूल्याशी जवळजवळ शून्य नाते निघाले. थोडक्यात काय, तर नफ्याचा पारडा ना इकडे झुकला ना तिकडे.

पण या सर्व अभ्यासांत एक असा आहे की तो वाचून आम्ही कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. मात्सा आणि मिलर यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. नॉर्वेतील ज्या कंपन्यांवर कायद्याचा परिणाम झाला, त्यांची तुलना त्यांनी शेजारच्या देशांतील तशाच कंपन्यांशी, आणि खुद्द नॉर्वेतील कायद्याबाहेरच्या कंपन्यांशी केली. भांडवल उभारणी, खरेदी-विक्री यांसारख्या बहुतेक निर्णयांत फरक दिसला नाही. फरक दिसला तो एकाच ठिकाणी. कायद्याखालील कंपन्यांनी कामगारकपात कमी केली. त्यामुळे मजुरीचा खर्च तुलनेने वाढला आणि तेवढ्या काळापुरता नफा कमी झाला. ज्या मंडळांवर पूर्वी एकही स्त्री नव्हती तेथे हा परिणाम सर्वांत ठळक होता.

या निष्कर्षावर थोडे थांबू या. भागबाजाराच्या वहीत ही नोंद तोट्याच्या बाजूला होते. नफा घटला, म्हणून कामगिरी घसरली. पण हाच पैसा गेला कोठे? तो समुद्रात बुडाला नाही. ज्या माणसाला घरी बसावे लागले असते त्याच्या पगाराच्या पाकिटात तो गेला. त्याच्या मुलाच्या शाळेच्या फीमध्ये गेला, वाण्याच्या उधारीत गेला. एकाच रुपयाची नोंद एका वहीत तोटा म्हणून आणि दुसऱ्या वहीत जमा म्हणून होते. 'कंपनीची कामगिरी' हा शब्द वापरणारे पहिली वही तेवढी उघडतात. आणि पहिली वहीसुद्धा एका-दोन वर्षांचीच. मंदीत काढून टाकलेला कसबी फिटर तेजी आली म्हणून दुसऱ्या दिवशी हजर होत नाही. त्याच्या हातातील कसब त्याच्याबरोबर जाते. कारागीर राखून ठेवण्याचा लाभ पाच वर्षांनी दिसतो आणि खर्च या तिमाहीत दिसतो. मात्सा आणि मिलर यांचा अभ्यास दीर्घ मुदतीचे उत्तर देत नाही, आणि स्त्रिया स्वभावतःच कनवाळू असतात असेही त्यातून सिद्ध होत नाही. नव्याने आलेला माणूस जुन्या सवयीला प्रश्न विचारतो, एवढे कारणही पुरेसे असू शकेल. पण एक गोष्ट त्याने उघड केली. 'स्त्रियांमुळे नफा वाढतो का' या प्रश्नाच्या पोटात 'नफा म्हणजे काय' हा प्रश्न लपलेला आहे.

स्त्री-संचालकांनी काय केले नाही, हेही सांगावयास हवे. बर्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, मंडळावर ज्या गेल्या त्यांची स्थिती सुधारली आणि तेथील स्त्री-पुरुषांच्या वेतनातील अंतर घटले. परंतु त्याच कंपन्यांत खालच्या पायऱ्यांवर काम करणाऱ्या स्त्रियांच्या पगारात वा बढतीत विशेष बदल दिसला नाही. काही मोजक्या स्त्रिया अनेक मंडळांवर एकदम बसल्या, त्यांना तेथील लोक चेष्टेने 'सोनेरी झगे' म्हणू लागले. माडीवर दिवा लावला म्हणून तळघरात उजेड पडत नाही. त्यासाठी तळघरात दुसरा दिवा लागतो, आणि तो लावण्याचे काम संघटनेचे आहे.

नॉर्वेचे पाहून इतर देश उठले. स्पेनने २००७ साली, फ्रान्स, इटली व बेल्जम यांनी २०११ साली आणि जर्मनीने २०१५ साली आपापले कायदे केले. २०२२ साली युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी निदेश काढला. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने भागबाजारात नोंदलेल्या सर्व कंपन्यांवर, तसेच १०० कोटी भरणा भांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल असलेल्या इतर सार्वजनिक कंपन्यांवर, किमान एक स्त्री-संचालक असावी असे बंधन घातले. मुदत जवळ आली तशी पुष्कळ ठिकाणी मालकाची पत्नी, कन्या किंवा भावजय मंडळावर आली. त्यांत कर्तबगार स्त्रिया नसतीलच असे नव्हे. पण एका घरातील मत एकाऐवजी दोन खुर्च्यांवर बसले तर मंडळात नवे काय आले? म्हणून पुढे सेबीने स्वतंत्र स्त्री-संचालकाची अट घातली. ती मोठ्या ५०० कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून आणि १,००० कंपन्यांना एप्रिल २०२० पासून लागू झाली.

आणि तरीही संख्या एकच. एकटीचे काय होते हे आम्ही लहान प्रमाणावर पाहिलेले आहे. एका कारखान्याच्या वर्क्स कमिटीवर पॅकिंग खात्यातील एक बाई होत्या. दोन वर्षे त्या गप्प बसल्या, आणि बायकांना काही तक्रारच नाही असे सर्वांनी धरून चालले. पुढील खेपेस तिघी निवडून आल्या. पहिल्याच बैठकीत स्वच्छतागृहाचा, रात्रीच्या बसचा आणि पाळणाघराचा असे तीन विषय निघाले. त्या पहिल्या बाई मुक्या नव्हत्या; त्यांच्या सूचनेला अनुमोदक नव्हता. नॉर्वेने एक न म्हणता ४० टक्के म्हटले, त्यातील शहाणपण हे आहे.

कायद्याविना कोणी स्त्री त्या खुर्चीपर्यंत पोहोचलीच नाही, असे मात्र नाही. आपल्या मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या सुमती मोरारजी १९५६ साली भारतीय जहाजमालकांच्या संघाच्या अध्यक्षा झाल्या. जहाजधंद्यात असा मान मिळविणारी स्त्री त्या काळी जगात विरळा होती. त्यांची कर्तबगारी निर्विवाद आहे. पण त्या ज्या घरात सून म्हणून आल्या त्याच घराण्याने ती कंपनी उभारली होती, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या सासऱ्याची जहाजे नव्हती अशा किती सुमती या देशात वाया गेल्या, त्याची मोजदाद कोणत्याही ताळेबंदात नाही.

नफ्याच्या कसोटीचा एक जुना अनुभवही मुंबईपाशी आहे. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले तेव्हा १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तिच्या बाळंतपणाचा काही भार उचलावा हे न्याय्य ठरविले. १९२९ साली कायदा झाला. पुढील दशकांत नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या वाढल्या, त्या स्त्रियांना बंद होत्या. आणि बाई महाग पडते हा हिशेब गिरण्यांतून होऊ लागला. पाहता पाहता वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतून स्त्रिया कमी होत गेल्या. त्यांच्या बाजूने नफ्याखेरीज दुसरा आधार तेव्हा पुरेसा बळकट नव्हता. नफा बोलला आणि त्या बाहेर पडल्या.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. स्त्रियांनी संचालक मंडळावर बसावे याचे समर्थन 'त्यामुळे नफा वाढतो' या पायावर उभे करू नये. तो पाया भुसभुशीत आहे. आकडे त्याला धड आधार देत नाहीत आणि धड पाडीतही नाहीत. शिवाय जी खुर्ची नफ्याच्या नावाने मिळते ती एका वाईट वर्षात नफ्याच्याच नावाने काढून घेता येते. पुरुष संचालकांना, तुमच्या पुरुष असण्याने नफा किती टक्के वाढला, असे कोणी कधी विचारलेले नाही. हा हक्क मताधिकाराच्या जातीचा आहे. मताधिकार मिळाल्याने धान्य स्वस्त होईल काय, असे विचारून आपण तो दिला नाही. जी संस्था हजारो स्त्री-पुरुषांच्या श्रमावर आणि समाजाच्या पैशावर चालते, तिच्या निर्णयाच्या खोलीत त्या समाजाचे प्रतिनिधी असले पाहिजेत, एवढे कारण पुरेसे आहे.

आणि हे कारण मान्य केले तर ते स्त्रियांपाशी थांबत नाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचे कलम घातले गेले. राष्ट्रीयीकृत बँकांच्या मंडळांवर कामगार-संचालक असावा अशी तरतूद १९७० च्या कायद्यातच होती, पण पुढे त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. नॉर्वेत कामगार १९७२ च्या कायद्याने आत गेला आणि त्याच्या मागून स्त्री. आपल्याकडे एक खुर्ची स्त्रीसाठी ठेवली गेली. कामगाराची खुर्ची कागदावरच आहे. हे दोन लढे वेगळे नाहीत.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी थोडेफार भाग असतील, निदान म्युच्युअल फंडाचा एखादा हप्ता असेल. कंपनीचा वार्षिक अहवाल आला म्हणजे लाभांशाचा आकडा पाहून तो रद्दीत टाकू नये. संचालकांच्या यादीचे पान उघडावे. स्त्रिया किती, त्या कोणाच्या कोण, आणि गेल्या वर्षी कंपनीने किती माणसे कमी केली, हे तीन प्रश्न सभेत उभे राहून विचारावेत. भागधारकाला तो अधिकार आहे. आम्ही फाटकाबाहेरून विचारीतच आहोत; आतूनही कोणी विचारू लागले तर उत्तर देणे टाळता येणार नाही.